हॅवलॉकला एकटीनं डाइव्हिंग, तेही नव्या सर्टिफिकेटवर: सेंटर कसं निवडलं आणि अनुभव कसा होता

जानेवारीच्या शेवटी अंदमानातल्या हॅवलॉक बेटावर स्कूबा डाइव्हिंगला जाऊन आले, एकटी, आठ डाइव्ह केले. जायच्या आधी दोन महिने मी नुसती शोधत होते की कुठं जावं, कुणाकडं जावं, माझ्यासारख्या चार डाइव्हवाल्या बाईला कोण नीट नेईल, आणि मराठीत असं सविस्तर लिहिलेलं मला काही सापडलं नाही, म्हणून हे सगळं लिहितेय. मोठं होणार आहे.

आधी एक क्लिअर करते, कारण घरी आईपासून ऑफिसातल्या मैत्रिणींपर्यंत सगळ्यांचा हाच गोंधळ झाला होता. सोलो ट्रिप म्हणजे प्रवास एकटीनं, पाण्याखाली एकटीनं नाही. पाण्यात कायम बडी असतो, म्हणजे जोडीदार, आणि नवीन माणसाबरोबर डाइव्हमास्टर, म्हणजे पाण्यातला गाइड, असतोच. खरंच एकट्यानं डाइव्ह करायचा वेगळा कोर्स असतो आणि पाडीच्या (PADI, डाइव्हिंगची सर्टिफिकेट देणारी संस्था) त्या कोर्सला लॉगबुकात १०० डाइव्ह लागतात, तो विषयच वेगळा.

माझं बॅकग्राउंड थोडक्यात. वय ४७, कोल्हापूर, बीपीची गोळी चालू आहे पण कंट्रोलमध्ये. ओपन वॉटर, म्हणजे डाइव्हिंगचा पहिला कोर्स, गेल्या एप्रिलमध्ये तारकर्लीला केला. कोर्स छान झाला, पण त्या आठवड्यात पाणी गढूळ होतं, तीन-चार मीटरच्या पुढचं दिसत नव्हतं, त्यामुळं सर्टिफिकेट हातात आलं तरी समुद्राखाली नेमकं काय असतं ते मी बघितलंच नव्हतं असं म्हटलं तरी चालेल. मग पावसाळा, मग दिवाळी, असे नऊ महिने पाण्याशिवाय गेले. हे नऊ महिने लक्षात ठेवा.

जागेचा विचार करताना लिस्टमध्ये बरंच काही होतं. मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी आम्हाला कोल्हापूरकरांना सगळ्यात सोयीचं, पण दोन दिवसांत समुद्र खवळला तर ट्रिपच गेली. गोव्याचं ग्रँड आयलंड जवळ आहे, पण मला तारकर्लीपेक्षा स्वच्छ पाणी हवं होतं. लक्षद्वीपला परमिटचं बघावं लागतं. मालदीवच्या फोटोंनी जीव वेडा होतो पण तिकडं बेटांच्या मधल्या चॅनलमध्ये करंट जोरात असतो, आणि बोटीवर राहून डाइव्ह करायच्या बऱ्याच ट्रिपांना ॲडव्हान्स्ड, म्हणजे ओपन वॉटरच्या पुढचा कोर्स, आणि बऱ्यापैकी डाइव्ह झालेले असावे लागतात. थायलंडचं कोह ताओ आणि बालीचं तुलाम्बेन, दोन्ही नवीन लोकांसाठी चांगले, तुलाम्बेनला तर किनाऱ्यावरूनच बुडालेल्या लिबर्टी जहाजापर्यंत जाता येतं. पण पहिल्या एकटीच्या ट्रिपला मला भाषेचं टेन्शन नको होतं, पाण्यात जायच्या आधी जे सांगतात त्यातला शब्द न् शब्द मला कळायला हवा होता. म्हणून अंदमान.

(हॅवलॉकचं नाव २०१८ पासून स्वराज द्वीप आहे, पोर्ट ब्लेअरचंही २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं, पण बोलताना सगळे जुनीच नावं घेतात म्हणून मीही तीच लिहिते.)

आता मुख्य मुद्दा, सेंटर. मी पाच ठिकाणी व्हॉट्सॲप केलं, फोन केले. सगळ्यांना एकच मेसेज, की मी नवीन आहे, चार डाइव्ह झालेत, एकटी येणार आहे, मला जॉनीज गॉर्ज बघायचंय. जॉनीज गॉर्ज ही हॅवलॉकची फेमस साइट, बेटापासून लांब, खोलगट भागात माशांचे थवेच्या थवे, व्हिडिओ बघून मी तिथंच जायचं ठरवून बसले होते. एका ठिकाणाहून दहा मिनिटांत रिप्लाय आला की नो प्रॉब्लेम मॅम, आमचा माणूस हात धरून नेईल, ॲडव्हान्स भरा. दुसऱ्यांनी नुसतं रेटकार्ड पाठवलं. तिसऱ्यांना मी विचारलं की एका डाइव्हमास्टरमागे किती लोक असतात, तर उत्तर आलं ते दिवसावर डिपेंड आहे. आणि एका सेंटरनं रेट सांगायच्या आधी मलाच प्रश्न विचारले. शेवटचा डाइव्ह कधी केलात? जास्तीत जास्त किती खोल गेलात? वेट (बुडायला पट्ट्यात घालतात ते वजन) किती लावलं होतं? कान बंद होतात का? काही औषध चालू आहे का? आणि मग सरळ सांगितलं की जॉनीज गॉर्जला तुम्हाला नेणार नाही.

खरं सांगते, मला राग आला. एवढे पैसे घालून तिकडं जायचं आणि जे बघायचं तेच नाही? तर फोनवर त्या मुलीनं (ती तिथं इन्स्ट्रक्टर आहे, मूळची चेन्नईची, हिंदी एकदम स्वच्छ) शांतपणे समजावलं की ओपन वॉटरची लिमिट १८ मीटर आहे, जॉनीज गॉर्ज पंचवीस-तीसपर्यंत जातं, करंट असेल तर रिकाम्या निळ्या पाण्यातनं खाली उतरावं लागतं, धरायला काही नाही, बघायला तळ नाही, आणि तुमचे नऊ महिने गेलेत. आधी या, पहिल्या दिवशी किनाऱ्यावर रिफ्रेशर करू, म्हणजे शिकलेलं परत करून बघू, मग ठरवू. मी फोन ठेवला, एक रात्र विचार केला आणि सकाळी त्यांनाच पैसे पाठवले. नाही म्हणायची हिंमत असलेला माणूस पाण्याखाली माझ्याबरोबर असावा, एवढंच मला त्या रात्री वाटलं.

सेंटरचं नाव मुद्दाम लिहीत नाही. या धंद्यात इन्स्ट्रक्टर सीझन टू सीझन बदलतात, मी नाव लिहीन, तुम्ही जाल, आणि तुम्हाला वेगळाच माणूस मिळेल. नावापेक्षा तो फोन महत्त्वाचा. तुम्ही पण तसाच मेसेज टाकून बघा, मुद्दाम तुमच्या लिमिटबाहेरची साइट मागा आणि समोरचा काय बोलतो ते ऐका.

मेडिकल फॉर्मचं आत्ताच सांगते, कारण यात ट्रिप बोंबलू शकते. दहा प्रश्नांचा फॉर्म असतो. माझं वय ४५ च्या वर आणि बीपी आहे, म्हणून मला डॉक्टरची सही लागणार होती. सेंटरनं फॉर्म आधीच पाठवला, मी आमच्या डॉक्टरांकडनं ईसीजी काढून सही घेऊन गेले. माझ्यासमोर एका जोडप्याला परत जावं लागलं, नवऱ्याला दमा होता आणि कागद काहीच नव्हता, बेटावर आयत्या वेळी कुठं धावपळ करणार. आणि खोटं 'नाही' लिहू नका प्लीज, तो फॉर्म आपल्यासाठीच असतो.

पोर्ट ब्लेअरहून फास्ट बोटीनं दीडेक तासात हॅवलॉक. बीचला नंबर आहेत, तीन नंबर, पाच नंबर, सात नंबर म्हणजे प्रसिद्ध राधानगर. (आमच्याकडं राधानगरी, त्यामुळं आईला फोनवर तीनदा समजावून सांगावं लागलं की मी धरणावर नाही, समुद्रावर आहे.) गावात बंगाली माणसं जास्त, फाळणीनंतर येऊन स्थायिक झालेली, त्यामुळं मासे-भात उत्तम मिळतो. एकट्या बाईला त्रास झाला का, हे सगळ्या विचारतात. नाही झाला. रात्री जेवून एकटी चालत रूमवर यायचे, बॅटरी जवळ ठेवा कारण रस्त्यावर अंधार असतो, बाकी काही नाही. खोलीचं भाडं मात्र एकटीला पूर्ण पडतं, तो खर्च धरून चाला.

आता रिफ्रेशर, या ट्रिपमधला सगळ्यात महत्त्वाचा तास. मी विहिरीत पोहायला शिकलेली बाई आहे, गावाकडं, पाठीला पत्र्याचा डबा बांधून काकानं ढकललं होतं. विहिरीत आमचा खेळ एकच, छाती भरून दम घ्यायचा, बुडी मारायची आणि तळाची माती हातात घेऊन वर यायचं. जो जास्त वेळ दम धरेल तो मोठा. पाण्याची भीती नाही ती त्यामुळंच. पण स्कूबाचा पहिला नियम काय, तर श्वास कधीही रोखायचा नाही. का, ते थोडं सांगते. दहा मीटरवर प्रेशर वरच्या दुप्पट असतं, तिथं छाती भरून हवा घेऊन तशीच दाबून वर आलात तर तीच हवा पसरून दुप्पट व्हायला बघते, आणि फुप्फुस फाटू शकतं. विहिरीत आपण वरची हवा घेऊन खाली जातो त्यामुळं तो प्रश्न येत नाही. इथं हवा खालीच घेतो, सगळा फरक तिथं आहे.

हे मला पाठ होतं, परीक्षेत बरोबर लिहिलं होतं. पण शरीराला कोण सांगणार! नीमो रीफला पाच मीटरवर गेलो आणि मी वर तरंगायला लागले. खाली यायला पाय मारले, परत वर. तारकर्लीला पण असंच झालेलं, तिथं माझ्या पट्ट्यात आठ किलो वेट होतं म्हणून मी इथंही आठच मागून घेतले होते, आणि आता वाटलं की अजून दोन लागणार. इन्स्ट्रक्टर समोर येऊन थांबली आणि नुसती माझ्याकडं बघत राहिली, दहा-पंधरा सेकंद तरी. मग तिनं स्लेट काढली आणि पेन्सिलनं एक शब्द लिहिला, एक्झेल. मी सोडला थोडा. तिनं मान हलवली, अजून. तिनं स्वतःच्या बुडबुड्यांकडं बोट दाखवलं, एक लांबलचक धार निघत होती, थांबतच नव्हती. मी तशी सोडायला लागले, हळूहळू, पोटातनं, शेवटपर्यंत, आणि बाई, मी खाली बसायला लागले. काही न करता. फिन्स हलवल्या नाहीत, जॅकेटमधली हवा सोडायचं बटण दाबलं नाही. मी छाती भरलेली ठेवत होते, विहिरीची सवय, वरवरचे छोटे श्वास घ्यायचे आणि आत साठवून ठेवायचे, फुगलेल्या फुग्यासारखी. वर आल्यावर तिनं पट्ट्यातनं दोन किलो काढून घेतले. दुसऱ्या दिवशी अजून एक. आठाचे पाच झाले!

दुसरा कुणी असता तर अजून दोन किलो अडकवून मोकळा झाला असता. हा एक तास वेगळे पैसे घेऊन केला, आधी मला वाटलं होतं की जास्तीचे पैसे काढतायत, आता सांगते की बाकी काही कमी करा पण हा तास कमी करू नका.

त्याचा परिणाम आकड्यात सांगते कारण मी लॉगबुक नीट ठेवलंय. पहिल्या बोट डाइव्हला २०० बारची (बार म्हणजे टँकमधल्या हवेचा दाब, त्यावरनं किती हवा उरली ते कळतं) टँक ३२ मिनिटांत ५० वर आली, तेव्हा इन्स्ट्रक्टरकडं १३० शिल्लक होते. शेवटच्या डाइव्हला त्याच खोलीवर ५१ मिनिटं.

साइट्स कुठल्या केल्या: लाइटहाउस, ॲक्वेरियम, जेटीजवळची वॉल, आणि मार्स नावाचं बुडालेलं जहाज, ते पंधरा मीटरच्या आसपास आहे म्हणजे ओपन वॉटरवाल्याला चालतं. काही ठिकाणी दोनदा गेलो आणि मला दुसऱ्यांदा जास्त दिसलं. आदल्या संध्याकाळी पांढऱ्या बोर्डवर साइटचा नकाशा काढून सांगायचे, कुठून उतरायचं, कुठं वळायचं, १०० बार झाले की कसं दाखवायचं, शेवटी पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं. माझ्या डाइव्हमास्टरमागे कधी दोन, कधी तीन लोक, त्याच्या वर नाही. बोटीवर ऑक्सिजनची पेटी होती, मी विचारल्यावर त्या पोरानं ती उघडून गेज दाखवलं. हे विचारायला लाजू नका.

मासे. कोकणच्या बाजारात बर्फावर जे बघितलं ते इथं जिवंत बघायचं, हे मी आधी कल्पनाच केली नव्हती. वामेसारखी मोरे ईल, दगडाखालनं मिशा हलवणारी शेवंड, तांबोशीच्या जातीचे शेकडो मासे एका दिशेला तोंड करून. पण माझी आवडती गोष्ट ॲक्वेरियमच्या वाळूतली. इन्स्ट्रक्टरनं बोट दाखवलं तिथं मला काहीच दिसेना, नुसती वाळू. मग वाळूत दोन डोळे दिसले. मग हळूहळू कडा दिसली, गोल, आणि पातळ वाळूतनं निळे ठिपके. पाकट! पुरून बसलेली. डोळ्याच्या मागं एक छोटं भोक होतं, ते उघडायचं, मिटायचं, उघडायचं, मिटायचं, ती त्यातनं पाणी आत घेऊन श्वास घेत होती, अगदी संथ. मी तिच्यापासून दोन हातांवर पोट वाळूला न लावता स्थिर राहिले होते, आणि माझा श्वासही त्याच लयीत चाललाय हे मला थोड्या वेळानं कळलं. दोन दिवस आधी मी तिथं थांबूच शकले नसते, एकतर वर गेले असते नाहीतर तिच्यावर पडले असते.

कोरलबद्दल मात्र खरं सांगायला हवं. उथळ भागात बरंच कोरल मेलेलं आहे, करडं, तुटलेलं. २०१० आणि २०१६ ला पाणी तापून अंदमानात मोठं ब्लीचिंग झालं, म्हणजे कोरल पांढरं पडलं. जाहिरातीतले रंग सगळीकडं दिसतील असं समजून जाऊ नका. आणि जे शिल्लक आहे त्यावर माझ्या डोळ्यांसमोर एका दुसऱ्या बोटीवरचा माणूस फोटोसाठी गुडघे टेकून बसला, त्याच्याबरोबरच्या गाइडनंच त्याला बसवलं. मला पाण्याखाली रडू आलं. नवीन माणसाला तरंगता येत नसेल तर त्याला रीफपासून लांब वाळूवर शिकवा ना, रीफवर कशाला नेता?

माझ्या सेंटरच्या कमतरताही आहेत. भाड्याचा मास्क पहिले दोन दिवस गळत होता, सांगितल्यावर दुसरा दिला पण तोही जुनाच. स्वतःचा मास्क घेऊन जा, बाकी काही विकत घ्यायची घाई नको. तिसऱ्या दिवशी मला कॅमेरावाल्या माणसाची बडी केलं. माणूस सज्जन, पण त्याचं लक्ष पूर्णवेळ स्क्रीनमध्ये, मी दोनदा मागं वळून त्याला शोधलं. एकट्या माणसाला बडी निवडता येत नाही हा या ट्रिपचा सगळ्यात मोठा तोटा. मी संध्याकाळी जाऊन स्पष्ट बोलले, तर दुसऱ्या दिवशी जोडी बदलली, कुरकुर न करता. बोटीवर सावली कमी. पैसे म्हणाल तर गिअर धरून दिवसाचे दोन डाइव्ह मला साडेसात हजारांना पडले, स्वस्त नाही.

परतीचं प्लॅनिंग आधी करा. सलग काही दिवस डाइव्ह केल्यावर विमानात बसायच्या आधी कमीत कमी १८ तास जाऊ द्यायचे असतात, अंगात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला. मी शेवटचा डाइव्ह सकाळी केला, रात्र हॅवलॉकला, दुसऱ्या दिवशी बोटीनं पोर्ट ब्लेअर, तिसऱ्या दिवशी विमान. मधली दुपार सेल्युलर जेलमध्ये गेली. सात विंगपैकी तीनच उरल्यात. १९११ मध्ये सावरकरांना इथं आणलं, त्यांच्या कोठडीसमोर मी बराच वेळ उभी होते. त्याच समुद्रात मी हौसेनं उतरून आले होते आणि त्या माणसांना तो समुद्र म्हणजे शिक्षा होती, हे डोक्यातनं जात नव्हतं.

यावरनं आपल्याकडचं एक सांगायचंय. मालवण-तारकर्लीला डाइव्ह करून लोक त्याच संध्याकाळी आंबोली नाहीतर गगनबावड्याच्या घाटानं गाडी वर काढतात. आंबोली सातशे मीटरच्या आसपास आहे. विमानाएवढं नाही, पण उंचीच ती, शरीराला गाडी का विमान ते कळत नाही. मी पण एप्रिलमध्ये तेच केलं होतं, कुणी सांगितलं नव्हतं. आता शेवटच्या दिवशी मालवणातच मुक्काम करणार, मासे खाणार आणि सकाळी निघणार.

इन्शुरन्स डाइव्हिंगचा वेगळा काढा, साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत बऱ्याचदा स्कूबा धरत नाहीत. डिकम्प्रेशनचा त्रास (वर येताना अंगातल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊन होणारा) झाला तर उपचाराला लागणारं दाबाचं चेंबर पोर्ट ब्लेअरला नौदलाच्या धन्वंतरी हॉस्पिटलमध्ये आहे, हॅवलॉकला नाही, म्हणजे मध्ये समुद्र आहे हे लक्षात घेऊन आपल्या लिमिटमध्ये राहा. आणि सर्टिफिकेट फोनमध्ये डाउनलोड करून ठेवा, तिथं नेटचा भरवसा नाही.

रेटिंग द्यायचं तर सेंटरला पाचपैकी साडेचार, अर्धा मास्कचा कापला. हॅवलॉकला नवीन डाइव्हरसाठी चार.

येत्या फेब्रुवारीत ॲडव्हान्स्ड करायला परत तिथंच जातेय, जॉनीज गॉर्जसाठी. परवा मेल टाकला, आठवण आहे का म्हणून विचारलं. उत्तरात पहिली ओळ, हो मॅम, पाच किलोवाल्या. दुसरी ओळ, शेवटचा डाइव्ह कधी केलात?